पांढरा पाय

"बाबा, तुम्ही आत आलात आणि गोल झाला," मुलगा म्हणाला. त्याने मागे वळूनही पाहिले नाही.

"गोल त्यांच्या खेळाडूने केला," प्राध्यापक उंबऱ्यातूनच म्हणाले. "मी फक्त दार उघडलं."

"तेच म्हणतोय मी."

प्राध्यापकांनी निवृत्त होईपर्यंत तर्कशास्त्र शिकवले होते आणि स्वतःच्या घरात त्याचा काडीइतका उपयोग झाला नव्हता. कार्यकारणभावावरचा त्यांचा ग्रंथ वर्षानुवर्षे रखडला होता. प्रकाशकाने आता निर्वाणीचे सांगितले होते: वर्षअखेरीस हस्तलिखित हाती आले नाही, तर ग्रंथ कायमचा बारगळला. नेमके तेच वर्ष जगातल्या झाडून सगळ्या क्रीडासंघटनांनी साधले. आधी फुटबॉलचा विश्वचषक, तो आटोपतो न आटोपतो तोच जागतिक क्रीडामहोत्सव, शेवटी हॉकीचा विश्वचषक. मधल्या फटी बुजवायला टेनिस, बॅडमिंटन आणि पोहणे. मुलाने या वर्षासाठी इंटरनेटवर चालणारा भलामोठा टीव्ही घेतला होता. चित्र इतके स्वच्छ, की गवताची पाती मोजावीत. त्याच्या उजव्या अंगाला प्राध्यापकांचे लिहिण्याचे टेबल होते.

वर्षाच्या आरंभीच त्यांनी विनंती केली होती, "वरची खोली मला द्या. वर्षभरापुरती."

"तिथे माझी व्यायामाची यंत्रं आहेत."

"त्यांच्यावर टॉवेल वाळतात."

"एकच वर्ष आहे हो बाबा. तुम्हीही बघा ना आमच्याबरोबर. जरा मिसळा घरात."

प्राध्यापक मिसळले. मिसळायचे ठरल्यापासून हा प्रकार तिसऱ्यांदा घडत होता. ते तळमजल्यावरच्या शिंप्याकडे जाऊन येत, दारात पाऊल टाकत, आणि पडद्यावर अनर्थ होई.

"पांढऱ्या पायाचे म्हणतात ते हेच," सून पुटपुटली आणि उठून खिडकी लावून आली. सामना असला की ती खिडकी लावत असे. खालच्या शिंप्याचा रेडिओ सगळी मजा घालवतो, अशी तिची तक्रार होती.

"सूनबाई, मी शिंकलो आणि तुझी बस चुकली, तर ती माझ्या नाकामुळे चुकली का?"

"शिंकू नका ना मग."

क्रीडामहोत्सवात रिले शर्यत होती. आपला संघ पुढे होता. प्राध्यापक हातात कागदाची पुडी घेऊन आत आले, "कोण जिंकतंय?" म्हणाले, आणि शेवटच्या धावपटूच्या हातून बॅटन निसटले.

मग पत्नी हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

"तूसुद्धा?"

"मी कुठे काय म्हणतेय? पण मुलांच्या मनाला लागतं हो. आणि त्या शिंप्याकडे सारखं काय असतं तुमचं? किती आखूड करणार आहात पँटा?"

"प्रयोग करू," प्राध्यापक कडाडले. "पुढच्या सामन्याला मी पहिल्यापासून इथे बसतो. संघ जिंकला तर माफी मागा."

"प्रयोग आपल्या संघावर नको," मुलगा म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी त्याने यंत्रे स्वतः उचलून गच्चीत नेली. टेबल, खुर्ची आणि पुस्तकांची खोकी वरच्या खोलीत गेली. "माझ्याच घरातून मला हद्दपार करताय," असे प्राध्यापक जिन्यात ओरडले. शेजारच्यांनी दारे किलकिली करून ऐकले. ज्या घरात कार्यकारणभावाचा अभ्यासक राहतो, त्या घरात तरी एवढे अज्ञान नसावे, असे कोणालाही वाटले असते. शेजाऱ्यांना तसे वाटले नाही. त्यांनी मान डोलावून दारे लावली.

हॉकीच्या अंतिम सामन्याचा दिवस आला. ग्रंथाचे शेवटचे प्रकरण अर्धे राहिले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशकाचा माणूस येणार होता. नेमकी त्याच संध्याकाळी सुनेच्या मनाला टोचणी लागली.

"बाबा, खाली चला. आम्ही मूर्खासारखे वागलो. आज तुम्ही आमच्यातच बसायचं."

"टेबलही खाली आणतो. आत्ताच," मुलगा म्हणाला. तो खरोखर ओशाळला होता.

प्राध्यापकांनी लेखणी खाली ठेवली. "येतो. पँट शिंप्याकडे राहिली आहे, तेवढी घेऊन येतो. तुम्ही सुरू करा."

सामना बरोबरीत चालला. पत्नीने त्यांच्यासाठी मधली खुर्ची राखून ठेवली होती. ती रिकामीच होती. अखेरच्या क्षणी आपल्या संघाला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. खेळाडूने चेंडू ठेवला, स्टिक सरसावली. मुलाने उशी छातीशी धरली.

दार उघडले.

"नाही, नाही, नाही," सून म्हणाली.

चेंडू खांबाला लागून बाहेर गेला.

प्राध्यापक घडी घातलेली पँट हातात घेऊन उभे होते. त्यांना धाप लागली होती. "हा निव्वळ योगायोग..."

"बाबा, हात जोडतो. वर जा. आता नवं वर्ष लागेपर्यंत खाली येऊ नका."

"अरे, तर्काने विचार कर..."

"अहो, जा ना!" पत्नी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते.

ते गेले.

सकाळी प्रकाशकाच्या माणसाने पूर्ण हस्तलिखित नेले. तो वळणावरून दिसेनासा झाल्यावर प्राध्यापक तळमजल्यावर उतरले आणि शिंप्यापुढे आणखी एक पँट ठेवली.

शिंप्याने रेडिओचा आवाज कमी केला आणि खडू कानामागे खोचला. "काल माझा जीव टांगणीला लागला होता, सर. आमचा रेडिओ तुमच्या टीव्हीच्या पुढे असतो हे खरं, पण अर्धंच मिनिट हो. आणि स्ट्रोक हुकल्याचं ऐकूनही तुम्ही इथे चपला शोधत बसलात!"