नांदुऱ्याहून आलेलं कव्हर

गुलाबरावांनी दोनदा चपला घातल्या आणि दोनदा काढल्या. ऊन उतरायला लागलं की त्यांचा जीव थाऱ्यावर राहत नसे. जानेफळच्या स्टँडमागे दारूचं दुकान होतं, आणि या वेळेला पाय आपोआप तिकडे वळत. दिवाळीपासून वळले नव्हते. तशी त्यांनी बायकोच्या, आशाबाईंच्या, डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. अशा शपथा त्यांनी आधीही घेतल्या होत्या, आणि मोडल्याही होत्या.

या खेपेला तारलं ते मेहुण्याने, इंद्रभानने. त्याने नांदुऱ्याहून आपल्या जुन्या मोटरसायकलच्या इंजिनाचं कव्हर पाठवलं. काळा रंग खरवडायचा, खालचं ॲल्युमिनियम घासत राहायचं, त्यात तोंड दिसेपर्यंत. त्या पहिल्या कव्हरच्या वेळी गुलाबरावांचे हात असे थरथरत होते, की पेचकस निसटला आणि खालच्या कडेला वाकडा, खोल चरा पडला. घासूनही तो गेला नाही. लाजेपोटी ते कोणाला काही बोलले नाहीत.

मग त्या गाडीचे बाकीचे पार्ट आले, तेही झाले. आता काय, या विचाराने गुलाबरावांना घाम फुटला होता. पण काम नांदुऱ्यात गाजलं म्हणे. इंद्रभानच्या दोस्तांचे पार्ट यायला लागले. झालेले पार्ट परत पाठवायला आणि नवं पार्सल आणायला आशाबाईच स्टँडवर जायच्या आणि गुलाबराव संध्याकाळ घासून काढायचे.

आज दोस्ताचं कव्हर होतं. आशाबाईंनी चहा आणून दिला.

“चहाले थिनरचा वास येऊन राह्यला वं.”

“तुमच्याच हाताले येत असन,” म्हणत त्या लगबगीने आत गेल्या.

गुलाबराव खरवडायला बसले. रंगाचे पापुद्रे निघाले. खालच्या कडेशी अंगठा अडखळला. त्यांनी फडक्याने पुसून पाहिलं. वाकडा, खोल चरा. त्यांच्याच हाताचा.

त्यांना सगळं एकदम कळलं. दोस्त कोणी नव्हतेच. काम कुठे गाजलंही नव्हतं. जे त्यांनी जीव ओतून चमकवलं, तेच रंग फासून पुन्हा त्यांच्यापुढे येत होतं. लहान पोराच्या हातात खुळखुळा देतात, तसं! डोक्यात तिडीक गेली. कव्हर आपटून ते उठले, चपला घातल्या आणि अंगणाच्या फाटकापर्यंत गेले.

आवाज ऐकून आशाबाई दारात आल्या. त्यांनी खाली पडलेलं कव्हर पाहिलं आणि नवऱ्याच्या पायातल्या चपला पाहिल्या. त्या चौकट घट्ट धरून उभ्या राहिल्या. त्यांची नखं काळी होती. इतके दिवस गुलाबरावांना ती चुलीची काजळी वाटत होती.

फाटकाची कडी त्यांच्या हातात होती. तिकडे स्टँडवर एसटीचा हॉर्न वाजला.

त्यांनी कडी सोडली. परत येऊन चपला काढल्या, कव्हर उचलून मांडीवर घेतलं आणि पॉलिश पेपर पाण्यात बुडवला. मान वर न करता ते म्हणाले,

“आशे, इंद्रभानच्या दोस्ताले सांग, पुढच्या बारी रंगाचे दोन हात जास्त मार म्हना. हे लवकर निघून जाते.”