कसा गेला इनॉक

रविवारी पहाटे इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका खाडीच्या वाळूत शिंपल्या वेचायला गेलेला इनॉक भरतीत बुडाला. गावच्या शाळेत मृत्यूची चौकशी बसली. चौकशीचे साहेब टाक शाईत बुडवून म्हणाले, “भरतीची वेळ चर्चच्या दारावर लावलेली होती, तरी गेला. मग कसा गेला म्हणून लिहू? घाईघाईने, अविचाराने, की बेपर्वाईने?”

“यातला एकही शब्द माझ्या लेकाचा नाही, साहेब,” इनॉकची म्हातारी आई उठून म्हणाली. “घड्याळ बघितल्याशिवाय त्यानं कधी वाळूत पाय टाकला नाही.”

“इनॉक आणि घाई?” मागे बसलेला एक शेजारी पुटपुटला. “स्वतःच्या लग्नातसुद्धा पाद्रीबाबाला जांभया देत ताटकळत ठेवलं होतं त्यानं.”

साहेब इनॉकच्या बायकोकडे, हिल्डाकडे वळले. “बाई, तुम्ही सांगा.”

हिल्डाने रुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली. “बेपर्वाईनेच, साहेब. मी तरी किती सांगायचं?”

शब्द लिहिला गेला. शाई वाळेपर्यंत म्हातारी त्या कागदाकडे बघत उभी राहिली.



इनॉक बुडाला त्याच्या आदल्या रात्री, शनिवारी, दर मार्चात करतात तशी, अख्ख्या इंग्लंडने घड्याळे तासभर पुढे केली होती, चर्चच्या दारावरची भरतीची वेळही त्याच नव्या वेळेप्रमाणे लिहिलेली होती, “आपलं केलंस ना?” असे इनॉकने विचारले तेव्हा हिल्डा अंथरुणातूनच “हो” म्हणाली, आणि काटा प्रत्यक्षात पुढे सरकवला तो दुसऱ्या दिवशी, नवरा परतला नाही म्हणून शेजाऱ्यांना हाका मारायला निघण्याआधी.