पोट हलकं

"मी नाही दिलं हो, हिनं दिलं!" गवळी धापा टाकत म्हणाला.

आडोशाच्या खोलीत गिधाडांच्या राखणदार बाईंच्या हातातली दुर्बीण तशीच राहिली. त्याची मेलेली गाय त्यांनीच सकाळी गिधाडांसाठी माळावर टाकून घेतली होती. त्याआधी रीतसर फॉर्म भरून घेतला होता. 'तुम्ही जनावराला दुखण्यावरचं औषध दिलं होतं का?' गवळ्यानं 'नाही' लिहिलं. खोटं नव्हतंच ते. इंजेक्शन त्याच्या बायकोनं टोचलं होतं.

"मला कुणी विचारलं?" मागोमाग आलेली गवळीण फणकारली. "कागदावर 'तुम्ही' लिहिलंय म्हणे. हे 'नाही' लिहून मोकळे!"

भांडायला वेळ नव्हता. मांसातून ते औषध अंगात भिनलं की गिधाडाची मूत्रपिंडं जातात, दोन दिवसांत मान टाकतं. आणि समोर, एक उतरलेलं पाहून लांबलांबची सगळी उतरली होती. उघड्या माना गाईच्या पोटात खुपसून, एकमेकांना ढकलत ताव मारत होती. अख्ख्या मुलखात एवढीच उरली होती.

इथला नियम एकच, आवाज करायचा नाही. बाई नऊ वर्षं इथे चपला हातात घेऊन चालल्या होत्या. शिंकसुद्धा ओंजळीत दाबायच्या. त्यांनी पत्र्याची बादली उचलली, एक दगड घेतला आणि ती बडवत, किंचाळत बाहेर धावल्या.

"अहो ताई, घाबरतील ना ती!" गवळीण म्हणाली.

"घाबरायलाच हवीत! भ्यालं की गिधाड ओकतं. पोट हलकं केल्याशिवाय त्याला पळता येत नाही. ओरडा तुम्हीपण!"

नवरा-बायकोला आवाज चढवायला शिकवावं लागलं नाही.

गिधाडं दचकली. माना पुढे काढून भडाभडा ओकली आणि पंख झाडत, उड्या मारत एकेक करून उडाली. गवळ्यानं धावत जाऊन गाईवर ताडपत्री ओढली. एक खादाड तेवढं मागे राहिलं. गळ्याखालची पिशवी टम्म फुगलेली, उडायचं नाव नाही, नुसतंच दुडुदुडु पळत होतं. बाई त्याच्या मागे.

"टाक रे बाबा, टाक! पाया पडते तुझ्या!"

ते थांबलं, वळून फुत्कारलं आणि होतं नव्हतं ते सगळं बाईंच्या पायांवर ओतलं. मग जमिनीवरून चार ढांगा टाकून तेही वर गेलं.

बाई तिथेच मटकन बसल्या. हसू आणि रडू एकदमच आलं. छातीवरचा धोंडा उतरला होता.

गवळीण नाक दाबत जवळ आली. "शी! काय ही घाण! आधी पाय धुऊन घ्या बघू."

"राहू दे गं," बाई म्हणाल्या, "जरा वेळ राहू दे."