कुंपणापलीकडची टेक्ला

माझ्या पोरानं, यालमारनं, साय काढायच्या यंत्राला नवी घंटी बसवली. दांडा हळू फिरला की वाजते. पेटंट आजउद्या मिळणार, तोच ते हाणून पाडायला एका कारखान्याचा वकील स्टॉकहोमहून उपटला. अर्जाआधी बाहेरच्या कुणी ते यंत्र चालताना पाहिलं असेल तर पेटंट बाद! शेजारच्या टेक्लाला, माझ्या जन्माच्या वैरिणीला, मीच अर्जाआधी गोठ्यात नेऊन ते चालवून दाखवलं होतं, नुसतं जळवायला.

वकिलानं नेमकं टेक्लालाच विचारलं.

"यंत्र? यांच्याकडे?" माझ्याकडे बघत ती खच्चून हसली. "अहो साहेब, हिच्या पोराला साधी खुंटी ठोकता येत नाही!"

वकील माझ्याकडे वळला. एरवी मी तिच्या झिंज्या उपटल्या असत्या.

"खरंय साहेब," मी म्हटलं, "अगदीच बिनकामाचा निघाला."