डिस्क कोरी नाही

"आरं उदय, कोरीच हाय की ही! तरी मशीन घेईनाच झालंय," केरबाआबा वैतागून म्हणाले. मुलाच्या लग्नाची जुनी कॅसेट खराब व्हायच्या आत डिस्कवर उतरवायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण रेकॉर्डर प्रत्येक डिस्क परत बाहेर ढकलत होता. शेवटी फोनवर फोन करून त्यांनी त्या मुलालाच, उदयसिंहला, पुण्याहून राजारामपुरीतल्या घरी बोलावून घेतलं.

उदयसिंहनं लेन्स पुसली, वायरी काढून पुन्हा जोडल्या. डब्यातली दुसरी डिस्क घातली, मग तिसरी. पडद्यावर दर वेळी तेच यायचं, डिस्क कोरी नाही.

"आबा, दुकानदारानं वापरलेला माल गळ्यात मारलाय तुमच्या," असं म्हणत त्यानं त्यातली एक डिस्क चालू करून बघितली. तिच्यावर त्याचंच लग्न होतं. दुसरीवरही तेच. तिसरीवरही तेच, हळदीपासून पाठवणीपर्यंत. अख्खा डबा आबांनी स्वतःच्या हातानं भरला होता आणि प्रत्येक वेळी ते विसरून गेले होते.

आबा मात्र पडद्याकडं बघून खुलले होते.


"त्यो नवरदेव बघा, आमचा उदय!" शेजारी बसलेल्या उदयसिंहच्या मांडीवर थाप मारत ते म्हणाले, "पावणं, तुम्ही नवरीकडचं का आमच्याकडचं?"