आहेस ना?

प्रयोगशाळेचा सर्व्हर अकरा वाजता बंद करून पुन्हा चालू केला, आणि तेव्हापासून वॉर्डात एकही रिपोर्ट पोचला नव्हता. स्क्रीनवर मात्र ‘जोडलेले’ असा हिरवा दिवा निवांत चमकत होता. हॉस्पिटलचे संगणक सांभाळणारी ती एकटीच; डॉक्टरांनी फोन करकरून तिला भंडावून सोडलं होतं.

चारच्या सुमाराला दोष सापडला. वॉर्डातला प्रोग्राम तुटलेल्या जुन्याच जोडणीला चिकटून रिपोर्टची वाट बघत बसला होता.

"तुटल्याचं त्याला कळलं कसं नाही?" साहेबांनी विचारलं.

"पलीकडून काही आलं नाही, म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालला तो. आता दर अर्ध्या मिनिटाला विचारेल, आहेस ना? उत्तर नाही आलं, की जुनी जोडणी सोडून नवी करेल."

"सारखं विचारत बसायचं? कटकटच की!"

ती हसली, आणि हसता हसता थांबली. एकटे राहणारे बाबा रोज एकच्या ठोक्याला फोन करायचे, "जेवलीस का?" एवढंच विचारायला. कालच ती त्यांच्यावर खेकसली होती, "रोज काय तेच तेच!"

आता सव्वाचार वाजले होते. आज तो फोन आला नव्हता, आणि चला, आज तरी सुटले, असं तिला वाटलं होतं.