अण्णासाहेबांनी वाचलेली लिपी

"जरा नाव लिहून दाखव, बाळ," अण्णासाहेब म्हणाले. "आमच्या घराण्याची पद्धत आहे. माझ्या आईनंही दाखवलं होतं."

फरीदाबादला अपूर्वाच्या घरी मुलगी बघण्याचा कार्यक्रम चालला होता. अपूर्वा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. अण्णासाहेब मुलाचे, म्हणजे सुधन्वाचे, काका, केंद्र सरकारातून सहसचिव म्हणून निवृत्त. त्यांनी स्वतःचं पेनही पुढे केलं होतं. अपूर्वाच्या आईनं डोळ्यांनीच विनवलं, लिही गं.

अपूर्वानं लिहिलं, पण देवनागरीत नाही. तिनं ग्लागोलिती अक्षरं काढली. नवव्या शतकात एका ग्रीक पंडितानं स्लाव लोकांसाठी घडवलेली लिपी ती. सगळे गोल आणि त्रिकोण, आणि पहिलंच अक्षर क्रूसासारखं.

अण्णासाहेबांनी कागद हातभर लांब धरला. ही कुठली लिपी, असं विचारण्याची सवय त्यांना नोकरीत लागली नव्हती.

"अच्छा, मोडी! वा! वळण सुरेख आहे. आमच्या आजोबांच्या दप्तरात हेच अक्षर." आणि बोट फिरवत त्यांनी वाचूनही दाखवलं, "कुमारी अपूर्वा गुणवंत राजोपाध्ये."

कागदावर सहाच अक्षरं होती, नुसतं 'अपूर्वा'.

अपूर्वानं सुधन्वाकडे पाहिलं. त्याला ही अक्षरं येत होती. गेला महिनाभर दोघं फोनवर बोलत होते, तिनंच त्याला ती शिकवली होती, आणि त्यानं स्वतःचं नाव त्यात लिहून पाठवलंही होतं. व्हेनिसमध्ये बिशपांनी त्या पंडिताला घेरलं, देवाची स्तुती हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन या तीनच भाषांत करायची असते म्हणून सुनावलं, आणि तो एकटा त्या सगळ्यांशी भांडला, हे तिनं सांगितलं तेव्हा सुधन्वा म्हणाला होता, "क्या बात है यार! याला म्हणतात हिंमत." त्या एका वाक्यावर तिनं आजचा कार्यक्रम ठरू दिला होता.

"मोडीच ना रे, सुधन्वा?" अण्णासाहेबांनी कागद त्याच्या हातात दिला.

इथे बिशप एकच होता, आणि तोही निवृत्त.

सुधन्वानं कागदाकडे पाहिलं, मग काकांकडे.

"बिल्कुल, काका," तो म्हणाला. आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्यानं अपूर्वाला हळूच डोळा मारला.

अण्णासाहेब प्रसन्न झाले. "आमच्याकडून होकार समजा. मुलीला जुन्याची कदर आहे."

आईचा चेहरा उजळला. ती काही बोलणार, एवढ्यात अपूर्वा उठून उभी राहिली.

"काका, तुम्ही निघा आता," ती अगदी गोड आवाजात म्हणाली. "संध्याकाळी गुरुग्रामच्या रस्त्याला फार गर्दी होते."

आत गॅसवर चहाला नुकती उकळी फुटत होती.